अठरा मेच्या आत

फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स
२ सप्टेंबर १९८४

प्रिय उर्बानो,

तुझं पत्र मिळालं. सासूबाईंच्या खुब्याचं हाड जुळलं, काठी धरून अंगणापर्यंत जातात, हे वाचून बरं वाटलं. खरंच वाटलं. तुझी आई आपल्या लग्नात काळे कपडे घालून आली होती आणि त्यानंतर सोळा वर्षांत तिने मला एक ओळ लिहिलेली नाही, तरीही बरं वाटलं. बघ, मी किती चांगली आहे.

आता कामाचं. तुझ्या परतीच्या परवान्याचं काय झालं? तू १८ मेला निघालास, तीन महिन्यांसाठी. ते तीन महिने ऑगस्टातच संपले. तिकीट काढून देणारा पाशेकु म्हणाला होता की जास्त राहावं लागलं तर कटकट नको, म्हणून निघण्याआधी अर्ज टाका, परवान्याचं छोटं पुस्तक घरी येईल. कारखान्यातून आले की रोज पत्रपेटी उघडते. गॅसचं बिल येतं, चर्चच्या सोडतीची पावती येते, पुस्तक काही येत नाही. अर्ज टाकलास ना?

कोटाच्या बाह्या शिवून बोटं दुखताहेत, पुढचं नंतर लिहीन. आधी याचं उत्तर दे.

तुझी
देओलिंदा


साओ जॉर्ज बेट
२६ सप्टेंबर १९८४

प्रिय देओलिंदा,

इकडे सगळं क्षेम आहे. आई आता स्वतःच्या हाताने कोबीच्या पाल्याचं सूप ढवळते आणि मीठ मी कमी घातलं म्हणून मला शिव्या देते. म्हणजे तब्येत सुधारते आहे.

परवान्याची काळजी करू नकोस. सरकारी टपाल हळू चालतं. आणि खरं सांगू? त्याची गरजच नाही. मी ग्रीन कार्ड उलटसुलट करून पाहिलं. दुधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख असते, माझ्या कार्डावर कुठेच नाही. म्हणजे ते मरेपर्यंत चालणार.

शेजारचा मानुएल कॅनडाला निघाला, त्याची गाय मी घेतली. मिमोसा नाव आहे. शांत आहे, शिंगं मारत नाही. कड्याखालच्या या वाडीत गायीशिवाय बरं दिसत नव्हतं. बटाटेही लावलेत.

तुझा
उर्बानो


फॉल रिव्हर
२८ ऑक्टोबर १९८४

उर्बानो,

तुझे लोकरीचे मोजे पाठवावेत म्हणून काल तुझा खण उघडला. मोज्यांखाली परवान्याचा अर्ज होता. तुझ्या अक्षरात भरलेला, सही केलेला, फोटोसुद्धा डकवलेला. फक्त एक चौकोन रिकामा. तू तो अर्ज टाकलाच नाहीस. आणि मला लिहितोस की टपाल हळू चालतं! ताकाला जाऊन भांडं लपवायची ही खोड तुझी लग्नाआधीपासूनची आहे.

अर्ज घेऊन पाशेकुकडे गेले. तो डोक्याला हात लावून बसला. त्याने सांगितलं ते लिहिते, दोनदा वाच. तारीख कार्डावर नसली तरी बाहेर राहण्यावर आहे. परवाना नसेल तर एका वर्षाच्या आत परत यायलाच हवं. वर्ष उलटलं की ते कार्ड देशाच्या दारावर चालत नाही. परवाना असता तर दोन वर्षं मिळाली असती. पण अर्ज अमेरिकेत असतानाच टाकावा लागतो, तिथून टाकता येत नाही. आणि वर्षाच्या आत आलास तरी अधिकारी विचारू शकतो की बाबा, तुझं घर नक्की कुठे आहे? इथे की तिथे?

मलाही तेच विचारायचंय. ज्याला निघायचं असतं तो माणूस गाय घेत नाही.

१८ मेच्या आत, उर्बानो. भिंतीवर लिहून ठेव.

देओलिंदा


साओ जॉर्ज
२४ नोव्हेंबर १९८४

प्रिय देओलिंदा,

तुझं पत्र घेऊन दोन दिवस गोठ्यात बसलो. खोटं बोललो, चुकलो. पण का, ते सांगतो. हसू नकोस.

त्या अर्जात विचारलं होतं, बाहेर जाण्याचं कारण काय? मी लिहिलं, आईचं आजारपण. पुढचा चौकोन होता, किती काळ बाहेर राहणार? तिथे पेन थांबलं. तीन महिने लिहिलं तर आई तीन महिन्यांत जाणार असं मी माझ्या हाताने सरकारला लिहून देतो. दोन वर्षं लिहिलं तर ती दोन वर्षं अंथरुणात खितपत पडणार. पाशेकु म्हणाला, “टाका हो कुठलाही आकडा!” कुठलाही कसा टाकू? तू तेर्सेइरा बेटावरची, शहरातली. आमच्या वाडीत आजाऱ्याच्या घरी कोणी तारखेचं बोलतसुद्धा नाही. डुक्कर कधी कापायचं हेही अंगणाबाहेर जाऊन ठरवतात. म्हणून अर्ज मोज्यांखाली ठेवला आणि निघालो.

गाय आईच्या दुधासाठी घेतली. तू म्हणतेस तसं काही नाही.

आईला एकटी टाकून निघता येत नाही. पाणी विहिरीवरून आणावं लागतं, दुकान कड्याच्या माथ्यावर, पायवाट निसरडी. भाऊ समुद्रात गेला, बहीण लहानपणीच गेली. माझ्याशिवाय तिला कोणी नाही.

मे अजून लांब आहे.

तुझा
उर्बानो


फॉल रिव्हर
१३ जानेवारी १९८५

प्रिय उर्बानो,

हसले नाही. पत्र वाचून स्वयंपाकघरात रडले, मग तुझ्यावर चिडले, मग भांडी घासली.

पण तुझा चौकोन रिकामा राहिला म्हणून सरकारचं वर्ष थांबत नाही. चार महिने उरलेत. कार्ड गेलं तर काय होईल ते पाशेकुने सांगितलं. मी नागरिक, म्हणून तुझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करू शकते. पण तपासण्या, वकिलातीतल्या मुलाखती, वर्ष की दीड वर्ष कोण जाणे, आणि तोवर तू तिथे, मी इथे. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. आपल्याला मूल नाही. या घरात बोलायला मला फक्त तू आहेस, आणि तूही फारसा बोलत नाहीस.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करत होते तेव्हा तू म्हणायचास, “कशाला ती डोकेफोड? कार्ड आहे की!” आता बघ.

मला एका शब्दात सांग. तुला यायचंय का? आईचं, गायीचं, पायवाटेचं नंतर. तुला यायचंय का?

देओलिंदा


साओ जॉर्ज
३ मार्च १९८५

देओलिंदा,

आईला फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला. नऊ दिवस ताप होता. डॉक्टर दोनदा खाली उतरले. तिबुर्सिओ होडीवाला आणि मी पाळीपाळीने बसलो. आता ताप गेलाय, पण ती चालत नाही. बसवावं लागतं, भरवावं लागतं.

जे सांगतोय ते फादरलाही सांगितलेलं नाही. तापाच्या सहाव्या दिवशी सकाळी ती श्वास घेताना घरघरत होती. मी दारात उभा होतो आणि माझ्या मनात हिशेब चालला होता. आज अठरा फेब्रुवारी. आज गेली तर महिन्याचा दुखवटा, घर बंद करायचं, गाय विकायची, एप्रिलअखेर निघता येईल. मेच्या आत. सगळं बरोबर बसत होतं. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “उर्बानो, दारात उभा राहू नकोस, गारठशील.”

ज्याला घाबरून मी तो चौकोन भरला नाही, तेच मी करत होतो. रोज करतो. सकाळी उठलो की पहिल्यांदा किती दिवस उरले ते मोजतो, मग आईचा श्वास ऐकतो. मला स्वतःची शिसारी आली आहे.

म्हणून ठरवलंय. मी येत नाही. कार्ड जाऊ दे. अठरा मे येईल आणि जाईल, मग मोजायला काही उरणार नाही. मग मी तिच्याकडे माणसासारखा बघू शकेन. तू मला माफ कर किंवा करू नकोस.

उर्बानो


फॉल रिव्हर
२४ मार्च १९८५

उर्बानो,

मी येते आहे.

कारखान्यातून तीन महिन्यांची बिनपगारी सुट्टी घेतली. ७ मेच्या विमानाने तेर्सेइराला उतरते, १० पर्यंत तुमच्या कड्याखाली. मी नागरिक आहे, मला तारीख नाही. मी कितीही दिवस राहू शकते. तू लगेच निघायचं. इथे यायचं, त्याच दिवशी नवा अर्ज टाकायचा, पुन्हा आईकडे जायचं. तोवर तिला मी बघते.

हो, मीच. ती मला हाकलेल, मला ठाऊक आहे. हाकलायला आधी उठावं लागेल.

तीन गोष्टी नीट ध्यानात ठेव. विमानतळावर विचारलं तर खरं बोल. कार्ड मागितलं तर दाखव. पण कुठल्याही कागदावर सही करू नकोस. कार्ड आपणहून परत करतो असा एक कागद असतो, तो पुढे सरकवतात आणि आपली भोळी माणसं पावती समजून सही करतात. सही केली की संपलं. नाही केली तर त्यांना तुझी बाजू ऐकून घ्यावी लागते.

माझी पत्रं बरोबर आण. तिथे मागे टाकलीस आणि गायीने खाल्ली असं नको व्हायला.

देओलिंदा


तेर्सेइरा, विमानतळ
१५ मे १९८५

प्रिय देओलिंदा,

हे पत्र तिबुर्सिओच्या भावाकडे देतो. तुमच्याकडून १२ ला निघालो, पण धुक्याने छोटं विमान उडेना. दोन दिवस माथ्यावरच्या दुकानात झोपलो. शेवटी काल होडीने आलो, सगळं पोटातलं समुद्राला दिलं. बॉस्टनचं विमान परवा, १७ ला आहे. त्याच्यानंतरचं २४ ला. म्हणजे १७ चं चुकलं तर सगळंच चुकलं. आज इथेही धुकं आहे. धावपट्टीचं टोक दिसत नाही. मी दर तासाला जाऊन बघतो, तिथला शिपाई म्हणतो, “काका, तुम्ही बघून ते हटणार आहे का?”

आईने तुला पाहिल्यावर भिंतीकडे तोंड फिरवलं, ते मनावर घेऊ नकोस. मी निघताना तिने माझा हात सोडला नाही. तिला वाटतंय की सोळा वर्षांपूर्वी नेलंस तसं तू मला पुन्हा पाठवून देते आहेस. मी समजावलं. ती म्हणाली, “ती थांबते आणि तू जातोस, ही कुठली रीत?”

उर्बानो


साओ जॉर्ज
१५ मे १९८५

उर्बानो,

हे पत्र १७ च्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून तिबुर्सिओला माथ्यावर पिटाळते आहे. मी मोठा घोटाळा करून ठेवलाय, आणि तो तुझ्या आईच्या लक्षात आला, माझ्या नाही.

काल सूप भरवत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “अमेरिकेतल्या घराची किल्ली कोणाकडे आहे?” मी म्हटलं, उर्बानोकडे. “मग घरात कोण आहे?” कोणी नाही. मग म्हणाली, “त्या साहेबाने विचारलं की बायको कुठे, तर माझा मुलगा काय सांगणार? बेटावर. आई? बेटावर. गाय? बेटावर. मग साहेब म्हणेल, तू इथे कशाला आलास? आणि तू स्वतःला शहाणी समजतेस!”

तिचं खरं आहे. तुला परत आणायला मी आपलं घरच रिकामं करून आले. आता दारावर सांगायला तुझ्याकडे फक्त तू आहेस.

माझी सुट्टी तीन महिन्यांची आहे हे सांग. कारखान्याची चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या डब्याखाली राहिली, तीही मूर्खासारखी. खोटं बोलू नकोस. पण सही करू नकोस. सही करू नकोस.

देओलिंदा


फॉल रिव्हर
२० मे १९८५

प्रिय देओलिंदा,

तुझं पत्र येईल असं वाटलं होतं, पण विमानतळावर काही मिळालं नाही. धुकं १७ ला दुपारी उठलं, पाच तास उशिरा निघालो आणि बॉस्टनला उतरलो तेव्हा माझ्याकडे त्या तारखेचे थोडेच तास उरले होते.

अधिकारी तरुण होता, नम्र होता. कार्ड बघितलं, पासपोर्टवरचा शिक्का बघितला, बोटांवर मोजलं आणि मला बाजूच्या खोलीत नेलं. माझं इंग्रजी खुर्चीत बसल्याबरोबर पळून गेलं. तिथे आपल्याकडच्या साओ मिगेल बेटाची एक बाई फरशी पुसत होती, तिलाच दुभाषी केलं. त्याने विचारलं, “जवळजवळ वर्षभर कुठे होतात?” आईकडे. “आई आता बरी आहे?” नाही. “मग आलात कसे? तिच्याजवळ कोण?” माझी बायको. “बायको कधी गेली?” मागच्या आठवड्यात. “मग इथे तुमच्या घरी कोण आहे?” मी म्हटलं, कोणी नाही. “पुन्हा आईकडे जाणार?” तो दुभाषी बाईकडे बघत होता, ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी नाही म्हणावं असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, हो, जाणार.

त्याने एक कागद पुढे केला. सही केली तर आज त्रास नाही, पाहुणा म्हणून राहा. बाईने फडकं पिळता पिळता पुटपुटलं, “बाबा, हात लावू नकोस.” मी हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसलो. लहान मूल बसतं तसा.

कार्ड त्यांनी ठेवून घेतलं. ११ जूनला सुनावणी आहे. माझं घर इथेच आहे, याचा पुरावा आणायचा. तोवर देशाबाहेर पाऊल टाकलं तर सगळं संपलं. आईला यातलं काही सांगू नकोस. ती कशी आहे ते खरं लिही.

घर फार शांत आहे. तुझ्या शिवणयंत्रावर धूळ बसली होती, पुसली.

तुझा
उर्बानो


फॉल रिव्हर
१२ जून १९८५

प्रिय देओलिंदा,

तार केलीच आहे, तीतून कळलं असेल. हे पत्र बहुतेक माझ्यामागून पोचेल. तरी आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पाशेकु दुभाषी म्हणून आला, लग्नाचा सूट घालून. कारखान्याची तुझी चिठ्ठी डब्याखाली सापडली. घराचा करार, कराचे कागद, माझ्या गिरणीच्या संघटनेचं कार्ड, सगळं टेबलावर ठेवलं. साहेबीण होती, पिकल्या केसांची. ती म्हणाली, हे कागद घर घेतल्याचे आहेत. परत यायचा विचार होता हे कशावरून?

मग मी पत्रं काढली. तुझी माझ्या पिशवीत होती, माझी तुझ्या खणात. दोन्ही तारखांप्रमाणे लावली. पाशेकु कानात म्हणाला, “गायीचं पत्र काढून टाका, आणि मार्चचं तर नकोच.” त्याचं बरोबर होतं. मार्चच्या पत्रात मी येत नाही असं लिहिलंय. पण ते काढलं तर पुढे तू का आलीस तेच कळत नाही. मी सगळी दिली.

पाशेकु मोठ्याने वाचत गेला. गाय आली तेव्हा साहेबीण हसली. फेब्रुवारीतला दारातला प्रसंग वाचताना पाशेकुने मध्येच थांबून पाणी मागितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मी एका सरकारी खोलीत परक्या बाईसमोर ऐकत होतो.

वाचून झाल्यावर तिने जानेवारीचं पत्र पुन्हा मागितलं. म्हणाली, “तुमच्या बायकोने विचारलंय, तुला यायचंय का, एका शब्दात सांग. मला त्याचं उत्तर कुठे सापडलं नाही.”

देओलिंदा, तिला सापडलं नाही कारण मी दिलंच नव्हतं. तू पाच महिने पुन्हा न विचारता राहिलीस, आणि ती बाई अर्ध्या तासात तिथे पोचली.

मी म्हटलं, हो. यायचं होतं. रोज. पण आईच्या उशाशी बसून हो लिहिलं असतं तर तिच्या मरणाची वाट बघतोय असं झालं असतं. म्हणून लिहिलं नाही.

तिने बराच वेळ काही लिहिलं. मग कार्ड परत दिलं आणि म्हणाली, आईकडे जाण्याआधी तेवढा परवान्याचा अर्ज टाका. आज सकाळी टाकला. पुस्तक तिकडच्या वकिलातीत येईल. विमान २१ ला आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देतो आहे आणि दुसऱ्या बाईला आधी दिलं, त्याबद्दल काय शिक्षा करायची ती कर.

तुझाच
उर्बानो


साओ जॉर्ज
२० जून १९८५

प्रिय उर्बानो,

हे पत्र तेर्सेइराला माझ्या चुलतबहिणीकडे, फिलोमेनाकडे पाठवते आहे. तू विमानातून उतरलास की ती तुझ्या हातात देईल. तिथे उभ्याउभ्याच वाच आणि पुढे नीघ.

५ जूनपासून आईने अंथरूण पुरतं धरलंय. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दोन. मी तुला कळवलं नाही. माथ्यावर जाऊन फोन करायला दोनदा चप्पल घातली. केला असता तर तू सुनावणी टाकून धावत आला असतास, मला माहीत आहे. आणि नाही केला तर मी तुझ्या आईचं शेवटचं तोंड तुला दाखवलं नाही, हे जन्मभर माझ्या अंगावर राहिलं असतं. मला ठरवता येईना. शेवटी मी तिलाच सगळं सांगितलं. अठरा मे, कागद, कार्ड काढून घेतलं ते, अकरा तारीख. तू सांगू नकोस म्हणाला होतास, तरी सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं. विचारलं, “आज किती तारीख?” मी म्हटलं, सहा. तुमच्या वाडीची रीत मोडून आजाऱ्यासमोर तारीख बोलले. ती म्हणाली, “मग पाच दिवस. बोलावू नकोस त्याला. थांबते मी.”

तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की मला तारीख विचारते. अकरा तारखेनंतर तार आली, तू २१ ला निघतोस असं तिला सांगितलं. तर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. बोलताना दम लागतो म्हणून आता नुसती बोटं दाखवते. तू फेब्रुवारीत दिवस मोजलेस म्हणून स्वतःची शिसारी आली म्हणालास ना? इकडे ती मोजते आहे, तू यायच्या आत जायचं नाही म्हणून. मीही तिच्याबरोबर मोजते. सोळा वर्षं जिचा राग केला तिच्यासाठी देवाकडे एकेक दिवस मागते आहे, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

आज सकाळी तिने दोन बोटं दाखवली. तीन चमचे सूप घेतलं.

धुकं असलं तर छोट्या विमानाची वाट बघत बसू नकोस. तिबुर्सिओच्या भावाला बंदरात थांबायला सांगितलंय. होडीने ये.

तुझी
देओलिंदा